विमानातली शिदोरी

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

मी जऊळक्याहून बोलते आहे. भाजी फोडणीला टाकली असेल तर आच बारीक करा. शेंगा सोलत बसला असाल तर सोलत राहा. हात कामात आणि कान इकडे, एवढं पुरे.

आजचा विषय आहे विमान आणि भाकर. हसलात ना? आमच्या बैठकीतही हसू झालं. एक मावशी म्हणाल्या, "एसटी वेळेवर येत नाही आपल्या गावाले, अन् ताई विमानाचं सांगून राह्यली!" पण बायांनो, विमान आता पूर्वीइतकं लांब राहिलं नाही. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीजवळ बेलोऱ्याचं विमानतळ सुरू झालं आणि तिथून मुंबईचं विमान उडालं. नांदेड आहे, नागपूर तर आहेच. कोणाचा लेक बंगलोरला, कोणाची लेक हैदराबादला. बाळंतपणाला, दवाखान्याला, नातवाच्या बारशाला पोरं तिकीट काढून पाठवतात आणि आपण जन्मात पहिल्यांदा विमानात बसतो. आमच्या गटांमधल्या तीन-चार जणी जाऊन आल्या. त्यामुळे बचतीचे पैसे मोजून झाले, हप्ते वहीत चढले, की आजकाल गप्पा निघतात त्या विमानातल्या जेवणाच्या.

आणि तक्रारी तर विचारू नका. एक काकू म्हणतात, "दोन पावाच्या फोडी, त्याही थंडगार. मधात काकडीची चकती. अन् पैसे दोनशेच्या वर! काकडी तं आपल्या धुऱ्यावर फुकट लागते वं." दुसरीनं उपमा मागितला. कागदी पेल्यात कोरडा रवा, वरून गरम पाणी ओतलं, झाकण लावलं आणि सांगितलं, थोडा वेळ थांबा. वहिनी म्हणाल्या, "घरी असा उपमा केला असता तं सासूनं गाव गोळा केलं असतं." तिसरीची तक्रार चहाची. गरम पाणी वेगळं, चहाची पुडी वेगळी, दुधाची भुकटी वेगळी, साखर वेगळी. "चहा मीच करायचा, मंग पैसे कायचे देले म्या?"

आता यात विमानवाल्यांची बाजूही सांगते. स्वस्त तिकिटाच्या कंपन्या जेवण तिकिटात धरत नाहीत. पाणी मागितलं तर मिळतं, बाकी ज्याला हवं त्यानं विकत घ्यायचं. वर चूल नाही, फोडणी नाही. खालीच शिजवून थंड केलेलं अन्न वर गरम करायचं, नाहीतर गरम पाणी ओतायचं.

आणि एक गंमत ऐका. विमानात जेवण बेचव लागतं त्याला आपली जीभही कारण आहे. विमान उडतं तीस-पस्तीस हजार फुटांवर. आतली हवा दाबून आपल्याला सोसेल अशी ठेवतात, तरी ती सहा ते आठ हजार फुटांवर असते तेवढीच विरळ राहते. आपलं चिखलदरा साधारण साडेतीन हजार फुटांवर आहे. म्हणजे चिखलदऱ्याच्या दुप्पट उंचीवर बसून जेवल्यासारखं झालं. शिवाय हवा फार कोरडी, नाक सुकतं. आणि सर्दी झाली की भाजी कशी लागते ते आपल्याला माहीतच आहे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेनं २०१० च्या सुमारास जुन्या विमानाच्या धडात माणसं बसवून, हवेचा दाब कमी करून त्यांना जेवू घातलं होतं. मीठ आणि साखर दोन्ही कमी लागतात असं त्यात दिसलं. मसाल्याची, आंबट चव मात्र बऱ्यापैकी टिकते. हे सांगितलं तेव्हा काकू लगेच म्हणाल्या, "मंग ठेचाच न्यावा लागते!" काकू चुकल्या नाहीत. पण ठेच्याची एक अडचण आहे, त्यावर पुढे येते.

आधी एक गोष्ट सांगायची आहे. हसता हसता बैठक गप्प झाली ती या गोष्टीनं.

आमच्या गटातल्या एक काकू लेकाकडे निघाल्या. साठी उलटलेली, साखरेचा आजार. रात्रीच नागपूरला निघायचं म्हणून त्यांनी संध्याकाळी दुधात पीठ भिजवून दशम्या केल्या, जवसाची चटणी कुटली, सगळं फडक्यात बांधून डब्यात ठेवलं. लेकाचा फोन आला, "माय, विमानात ते उघडू नको. वास येते. लोकं पाह्यतात." काकूंनी मान डोलावली. सकाळी गोळी घेतली. विमान तीन तास लेट. डबा मांडीवरच्या पिशवीत, आणि काकू उपाशी. तिथलं विकतचं घ्यावं तर भाव पाहून हात मागे आला. अखेर घाम सुटला, हात थरथरायला लागले. शेजारी बसलेल्या एका परक्या बाईनं ओळखलं, पर्समधून साखरेच्या गोळ्या आणि बिस्किटं काढून दिली. काकू सावरल्या. डबा बंगलोरला तसाच बांधलेला उतरला.

लेकाला मी बोल लावत नाही. त्याला आईची लाज वाटली नव्हती. आईला कोणी हसू नये, असंच त्याला वाटलं असणार. पण बायांनो, पोटाला लागेल एवढं अन्न जवळ असताना माणूस लाजेपायी उपाशी राहतं, ही काही छोटी गोष्ट नाही. म्हणून आज हा विषय घेतला.

पहिली गोष्ट म्हणजे, देशातल्या विमानात घरचा डबा नेता येतो आणि खाताही येतो. पोळी, भाकर, दशमी, धपाटे, लाडू, चिवडा, काही हरकत नाही. कोणाची परवानगी मागायची नाही. साखरेचा आजार असेल तर औषध आणि खायचं, दोन्ही हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगेत टाकलं तर ती बॅग खाली विमानाच्या पोटात जाते, उतरेपर्यंत हाती येत नाही. गोळी घेतली की वेळेवर खायचं. खिशात गुळाचा खडा किंवा साखर असू द्या.

दुसरी गोष्ट वासाची. वासाचं अन्न काही आपल्याच एकट्यांकडे नाही. स्वीडन देशात हेरिंग नावाची मासळी आंबवून डब्यात बंद करतात. तो डबा आतल्या आत इतका फुगतो की २००६ मध्ये युरोपातल्या मोठ्या विमान कंपन्यांनी तो विमानात आणायला मनाई केली. पण स्वीडनचे लोक म्हणून काही ती मासळी खायचे थांबले नाहीत. सिंगापूरच्या लोकलगाडीत ड्युरियन नावाचं फणसासारखं फळ न्यायला बंदी आहे, आणि तेच फळ तिथं लोक आवडीनं, भरपूर पैसे मोजून खातात. आणि कोरियाचं पाहा. त्यांच्या विमानात भात, वेगवेगळ्या भाज्या आणि वरून लाल तिखटाची चटणी मिसळून खायचं त्यांचं घरचं जेवण देतात. त्याला बिबिम्बाप म्हणतात. चटणीची छोटी नळी वेगळी देतात, ज्याला जेवढं तिखट हवं तेवढं त्यानं घ्यावं. जगभरचे प्रवासी ते नावाजून खातात. विमान त्यांचं, म्हणून जेवण त्यांचं. उद्या कोणी झुणका-भाकर दिली तर तीही लोक खातील.

तरी रीत पाळायचीच. बंद जागेत शंभर-दीडशे माणसं असतात. सुकट, बोंबील, कच्च्या लसणाचा ठेचा असलं तिथं उघडू नये. एसटीत तरी खिडकी असते. वासाची भाजी घरी खा, विमानात कोरडं न्या. एवढं सांभाळलं की मान खाली घालायचं कारण नाही.

आणि कोरडं म्हटलं की आपल्या वऱ्हाडाचा हात कोण धरील! आपल्या गावावरून अकोला-पूर्णा रेल्वे जाते. ती छोट्या रुळांची होती तेव्हापासून आपले लोक शिदोरी बांधूनच गाडीत बसत आले. पंढरीची वारी असो की शेगावची पायी दिंडी, बांधून नेलेलं अन्न दोन-तीन दिवस टिकलं पाहिजे, हा आपल्या आज्यांचा हिशेब होता. अन्न खराब होतं ते ओलाव्यानं. म्हणून दशमीत पाण्याऐवजी दूध, आणि भाजताना ती चांगली कोरडी होऊ द्यायची. म्हणून जवस, तीळ, कारळ भाजून कुटायचे. ज्वारीचा भरडा शिजवून, त्यात तीळ, लसूण, तिखट घालून उन्हात वाळवलेल्या खारोड्या तर वर्षभर राहतात. मूठभर खारोड्या आणि शेंगदाणे, झाला नाश्ता.

आता शहरात हे खाणं कसं पाहतात ते बघा. गोडंबी म्हटलं की लोक विचारतात, हे काय असतं? बिबा हातावर उततो, त्याच्या तेलानं कातडी भाजते, आणि त्याच बिब्याच्या पोटातून आपल्या बाया गोडंबी काढतात, बाळंतिणीच्या लाडवात घालतात. अंबाडीची भाकर, तरोट्याची भाजी, चिवळ, घोळ, ज्वारीच्या कण्या, हे सगळं त्यांना नवलाचं. आणि आपल्याला त्यांचा गरम पाण्यातला उपमा नवलाचा! नवल दोन्हीकडून सारखंच आहे. लाज मात्र आपल्याच वाट्याला का यावी?

बरं, आता कामाचं बोलू. ठेच्याची अडचण सांगते म्हटलं होतं. विमानतळावर हातातली पिशवी यंत्रातून जाते. ओलं, पातळ, तेलकट जे काही असेल ते तिथं अडवू शकतात. ठेचा, लोणचं, दही, तूप, रस्सा, आंबील हे हातातल्या पिशवीत नेऊ नका. परदेशाच्या विमानात तर पातळ पदार्थ १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत चालतच नाही. तिखटाची पूड, मसाल्याची पूडही हातात नको. हे सगळं खाली जाणाऱ्या मोठ्या बॅगेत ठेवा, आणि बरणी दोन-तीन पिशव्यांत घट्ट बांधा. वर हवेचा दाब कमी होतो, मग बरणीतलं तेल झाकणातून बाहेर येतं. लोणच्याच्या तेलात भिजलेलं लुगडं धुऊन निघत नाही, हे आमच्या एका वहिनीला विचारा. मोठ्या बॅगेचं वजन देशात बहुतेक ठिकाणी १५ किलो आणि हातातली पिशवी ७ किलो. जास्त झालं की पैसे पडतात. घरीच वजन करून घ्या, किराणा दुकानाचा काटा आहेच.

आणखी एक, हे फार जणींना माहीत नाही. लेक-सून निघाली की आपण ओटी भरतो आणि ओटीत खोबऱ्याची वाटी घालतो. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, उष्णतेनं ते पेट घेऊ शकतं. म्हणून २०२२ पासून सुकं खोबरं मोठ्या बॅगेतही न्यायला मनाई केली आहे. ओटी भरा, पण खोबरं घरी ठेवून घ्या. विमानतळावर सूनबाईची बॅग उघडून ओटीतलं काढून टाकलेलं कोणाला आवडेल? अख्खा नारळही हातातल्या पिशवीत चालत नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंसाठी मात्र २०२४ च्या ऑक्टोबरात काही महिन्यांपुरती सवलत दिली होती, कारण त्यांच्या पूजेच्या गाठोड्यात नारळ असतोच. लोकांनी आपलं म्हणणं मांडलं की नियमालाही वाट काढता येते.

आणि हे नीट ऐका, हे गमतीचं नाही. दुबई, सौदी किंवा सिंगापूरला कोणी निघालं असेल तर त्यांच्यासोबत खसखस पाठवू नका. तिथं खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी, ते नेणं गुन्हा आहे. लोकांना अटक झालेली आहे. खसखस लावलेले अनारसे, खसखस घातलेले डिंकाचे लाडू, मसाल्याच्या डब्यातली खसखशीची पुडी, काही काही नको. आईच्या मायेपोटी लेकाला परक्या देशात कोठडी बघावी लागू नये. अमेरिका, ऑस्ट्रेलियाला जाताना खायचं काय आणलं ते तिथं उतरल्यावर खरं खरं सांगायचं असतं. लपवलं तर मोठा दंड.

आता हक्काचं बोलू. विमान लेट झालं आणि कोणी काही विचारलं नाही, तर गप्प बसायचं नाही. विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. आपण वेळेवर हजर असलो आणि अडीच तासांपर्यंतचा प्रवास असलेलं विमान दोन तास किंवा त्याहून जास्त लेट होणार असेल, तर कंपनीनं खाणंपिणं द्यायचं. लांबच्या प्रवासाला ही मुदत तीन-चार तासांची आहे. काकूंचं विमान तीन तास लेट होतं. म्हणजे त्यांना खायला मिळणं हा त्यांचा हक्क होता, कोणाची मेहरबानी नव्हती. खिडकीवर जायचं, आपला बोर्डिंग पास दाखवायचा आणि विचारायचं, "विमान लेट आहे, खाण्याचं काय?" मराठीत विचारा, हिंदीत विचारा, चालतं. ऐकलं नाही तर सरकारच्या एअरसेवा या ॲपवर तक्रार करता येते. आपल्याला जमलं नाही तर लेकाला सांगा. डबा उघडू नको म्हणून फोन करतो, तसा तक्रारीचाही करील!

पाण्यासाठी रिकामी बाटली न्या. तपासणी झाल्यावर आत नळ असतो, तिथं भरून घ्या. चहाच्या भावावरून देशभर ओरड झाली तेव्हा २०२४ च्या डिसेंबरात कोलकात्याच्या विमानतळावर सरकारनं उडान यात्री कॅफे काढलं, चहा १० रुपये, पाण्याची बाटली १० रुपये, समोसा २०. नंतर आणखी काही विमानतळांवर ते सुरू झालं. दिसलं नाही तर विचारून पाहा. विचारायला पैसे लागत नाहीत.

शेवटचं सांगते, ते गटांसाठी. भारतीय विमानतळ प्राधिकरणानं २०२२ मध्ये अवसर नावाची योजना काढली. त्यांच्या विमानतळांवर बचत गटांना १०० ते २०० चौरस फुटांची जागा आळीपाळीनं १५-१५ दिवस देतात. देशातल्या गटांच्या बायांनी तिथं पापड, लोणची, मसाले विकले आहेत. आपल्या बाजूला छत्रपती संभाजीनगरचं विमानतळ या प्राधिकरणाकडे आहे. तिथं कोणत्या गटाला, कधी, कसा नंबर लागतो याची चौकशी ग्रामसंघामार्फत करता येईल. मात्र हातानं बांधलेली पिशवी तिथं चालणार नाही. अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. लहान धंद्याला तिची फी वर्षाला १०० रुपये आहे, नंबर १४ आकडी. पुडीवर पदार्थाचं नाव, त्यात काय काय आहे, वजन, किंमत, केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, गटाचा पत्ता आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका हवा.

आणि खोटं लिहायचं नाही. दशमी तीन दिवस टिकत असेल तर तीनच दिवस लिहा. विकायची असेल तर खारोडी, जवसाची चटणी, तिळाची चटणी घ्या, ती लवकर खराब होत नाही. चटणी कोरडी, पुडी लहान, एका माणसाला एका वेळी पुरेल एवढी. विचार करा, त्या दोनशे रुपयांच्या थंड पावाशेजारी आपली चटणी-दशमी मांडली तर बंगलोरला निघालेलं आपलंच एखादं पोरगं आधी कुठं हात घालेल?

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं प्रवासात टिकणारा एक पदार्थ करून आणा. तारीख घालून ठेवू, रोज पाहू, किती दिवस चव राहते ते वहीत लिहू. त्या काकू दशम्या आणणार आहेत, त्यांनी आत्ताच बजावलं आहे. आणि पुढल्या महिन्यात त्या परत बंगलोरला जायच्या आहेत. लेकाला त्यांनी फोनवर सांगून टाकलं, "या खेपेले मी डबा उघडणार हाय. तुले लाज वाटत असन तं तू दुसऱ्या विमानानं ये."

चला, भाजी बघा, खाली लागली असेल. रामराम.